बबडीची देशोदेशीची खानावळ

बबडीला बबडी म्हणायचं वय केव्हाच उलटलं होतं. उंचीने ती आईच्या वर गेली होती, नाकावर चष्मा आला होता आणि जगातल्या बहुतेक गोष्टींबद्दल तिची मतं पक्की झाली होती. पण घरात एकदा एखादं नाव पडलं की ते डिंकासारखं चिकटतं. माणूस उद्या न्यायाधीश झाला तरी घरी कोणीतरी ‘बबडे, ओली छत्री बाहेर ठेव’ म्हणणारच. तेव्हा बबडीने त्या नावाशी भांडणं सोडून दिलं होतं. एवीतेवी त्या नव्या इमारतीत तिला हाक मारणारी माणसं दोनच. त्यांतले एक, म्हणजे बाबा, लांबच्या पुलाच्या कामावर असायचे. महिन्याकाठी एकदा यायचे, आले की झोपायचे, आणि जाताना ‘अभ्यास कर’ म्हणायचे. आई रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत होती. तिची ड्युटी सारखी बदलायची, त्यामुळे मायलेकींची गाठ बहुतेक वेळा फ्रिजच्या दारापाशी पडायची. एक दूध ठेवत असायची, दुसरी काढत असायची.

अशा घरात माणूस काहीतरी नाद लावून घेतंच. कोणी टपाल तिकिटं जमवतं, कोणी कुत्रं पाळतं. बबडीने दोन गोष्टी लावून घेतल्या होत्या. एक, देशोदेशीचं खाणं, आणि दुसरी, चिनी गाणी.

खाण्यात तिने रीतसर क्रम लावला होता. पहिला मान जपानी रामेनचा, दुसरा मेक्सिकन टाकोचा, तिसरा कोरियन किमचीचा, आणि चौथा जॉर्जियाच्या एका होडीसारख्या पावाचा, ज्याच्या पोटात चीज भरलेलं असतं आणि वर अंडं फोडलेलं असतं. यातलं तिने प्रत्यक्ष खाल्लं होतं ते फक्त रामेन, आणि तेही पाकिटातलं. बाकीच्यांवर तिचं प्रेम होतं ते मोबाइलवर बघून. आता यावर कोणी हसेल. पण जुन्या काळी लोकांनी नुसत्या फोटोवर लग्नं केली आणि जन्मभर निभावली. त्या मानाने किमचीवर दुरून प्रेम करणं काहीच नाही.

गाण्यांचं मात्र तसं नव्हतं. ती तिने पोटभर ऐकली होती. मराठी अक्षरांत उतरवून घेतली होती, अर्थ शोधून काढले होते, आणि अंघोळ करताना ती ती गाणी इतका जीव ओतून म्हणायची की खालच्या मजल्यावरच्यांना नळात काहीतरी अडकलंय असं वाटायचं. चिनी भाषेत एकच अक्षर वेगवेगळ्या सुरांत म्हटलं की अर्थ बदलतो. ‘मा’ एका सुरात म्हटलं तर आई, दुसऱ्या सुरात घोडा, आणि आणखी एका सुरात रागावणं. हे तिने मोठ्या उत्साहाने आईला सांगितलं, तेव्हा आई म्हणाली, “एकूण एकच की!”

बबडीला त्यात अवघड काही वाटलं नव्हतं. आपल्या भाषेत ‘बरं’ आहेच. एक ‘बरं’ म्हणजे पटलं. एक ‘बरं’ म्हणजे बघून घेईन. आणि एक ‘बरं’ म्हणजे मी काहीही ऐकलेलं नाही, आता फोन ठेव. हे तिसरं ‘बरं’ तिला आईकडून इतकं ऐकायला मिळायचं की त्यावर ती प्रबंध लिहू शकली असती.

अडचण एकच होती. हे सगळं सांगायचं कोणाला? शाळेत तिने एकदा विषय काढून पाहिला. शेजारच्या बाकावरची मुलगी म्हणाली, “अच्छा, म्हणजे तुला नूडल्स आवडतात,” आणि पुन्हा आपल्या मैत्रिणीकडे वळली. विषय संपला. तेव्हा बबडीने ठरवलं की एवढी सात मजल्यांची इमारत आहे, एवढी माणसं आहेत, यात कोणीतरी एक असेलच. आणि तिने इमारतीच्या नोटीस बोर्डावर चिठ्ठी लावायचं ठरवलं. बस, एवढंच. पुढे जे रामायण घडलं त्याचं बी हे इतकं बारीक होतं.

बोर्डावर काहीही लावायचं तर सेक्रेटरीकाकांचा शिक्का लागतो. सेक्रेटरीकाका नोकरीतून निवृत्त झाले होते, पण नोकरी त्यांच्यातून निवृत्त झाली नव्हती. पंपाच्या खोलीशेजारी त्यांचं ऑफिस होतं. तिथे ते सकाळी शर्टाच्या खिशाला दोन पेनं लावून बसायचे, एक लिहायचं आणि एक खोडायचं. खोडायचं लवकर संपायचं.

बबडीने चिठ्ठी पुढे केली. तिने लिहिलं होतं: ‘चिनी गाणी आणि देशोदेशीचं खाणं आवडतं का? या, बसू, ऐकू, गप्पा मारू. शनिवारी संध्याकाळी, चौथा मजला, लिफ्टच्या डावीकडे.’

काकांनी चिठ्ठी नाकाजवळ नेली, मग हातभर लांब धरली.

“हे प्रश्नचिन्ह कशाला?”

“विचारलंय म्हणून.”

“बोर्ड विचारत नसतो, बाळ. बोर्ड कळवतो.” प्रश्नचिन्ह गेलं. “गाणी? गाणी आली म्हणजे आवाज आला. आवाज आला म्हणजे ठराव आला. आणि ठराव वार्षिक सभेशिवाय होत नाही.” गाणी गेली. “बसू? कोण बसणार? कशावर? खुर्च्या कोणाच्या?” बसणं गेलं. “आणि गप्पा! आधीच त्या लिफ्टसमोर इतक्या होतात की माणसाला आत शिरता येत नाही. त्याला लेखी उत्तेजन कशाला?” गप्पाही गेल्या.

शेवटी त्यांनी उरलेलं शुद्ध करून स्वतःच्या वळणदार अक्षरात नव्या कागदावर उतरवलं: ‘चिनी व देशोदेशीचे खाणे. शनिवारी सायंकाळी. चौथा मजला, लिफ्टच्या डावीकडे.’ आणि त्यावर धाडकन शिक्का मारला.

“आता कसं सुटसुटीत झालं,” ते म्हणाले.

बबडीला काहीतरी बोलायचं होतं. पण शिक्क्याची शाई वाळायच्या आत तोंड उघडण्याची तिची शामत नव्हती.

त्या संध्याकाळी तिने आईला फोनवर सांगितलं, “आई, शनिवारी आपल्याकडे लोक येतील कदाचित. चालेल ना?”

मागे कसलीतरी यंत्रं घरघरत होती. “बरं,” आई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दार उघडलं तर समोरच्या काकू उभ्या. या काकू वाईट नव्हत्या, पण त्यांना दुसऱ्याचं वाक्य पुरं होऊ देण्याचा संयम देवाने दिला नव्हता.

“अगं, घरगुती खानावळ सुरू केलीत म्हणे! बरं केलंत. आईची नोकरी गेली का?”

“नाही काकू, ते खरं म्हणजे...”

“लाजायचं नाही. कष्टाला कसली लाज? आमचे पाच जण धर. यांना तिखट चालत नाही, सासूबाईंना चावत नाही, आणि धाकट्याला हिरवं काही दिसलं की तो टेबलाखाली जातो. एवढं सांभाळ. आणि हो, चिनी पदार्थ म्हणजे सगळा मोठ्या आचेचा खेळ. मी टीव्हीवर पाहिलंय. गॅस पूर्ण सोडायचा आणि मागे सरकायचं.”

त्यांच्या मागोमाग पहिल्या मजल्यावरचे डाएटकाका आले. हे गृहस्थ दर महिन्याला काहीतरी नवीन सोडायचे. आधी साखर सोडली, मग दूध सोडलं, मग सकाळचा नाश्ता सोडला. घरच्यांना आता ते संसार कधी सोडतात याची उत्सुकता होती. त्यांनी विचारलं, “आंबवलेलं काही आहे का? आंबवलेलं पोटाला चांगलं.”

“किमची असते ना,” बबडीच्या तोंडून निघून गेलं. किमची या शब्दावर कोणीतरी मान डोलावतंय हे तिने आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. तिला इतकं बरं वाटलं की ती पुढे म्हणाली, “कोबीची. कोरियन.”

“माझी दोन वाट्या,” डाएटकाका म्हणाले.

संध्याकाळपर्यंत इंटरकॉम वाजत राहिला. कोणाला चार माणसांचं हवं होतं, कोणाला बिनकांद्याचं, कोणाला ‘जास्त परदेशी नको’ होतं. बबडी पेन घेऊन खाली बोर्डापाशी गेली. एक ओळ खाली लिहिली असती की चूक झाली, इथे काही मिळणार नाही, तर सगळं तिथल्या तिथे मिटलं असतं. तिने पेनाचं टोपणही काढलं. पण मग तिला वाटलं, खाणं खोडलं तर उरतं काय? शनिवार संध्याकाळ, चौथा मजला आणि ती. म्हणजे नेहमीचंच. चुकून का होईना, माणसं येणार होती. एकदा आत आली की बसतील. बसली की गाणं लावता येईल. तिने टोपण परत लावलं.

आणि ती स्वयंपाकाला लागली. इथे हे सांगायला हवं की त्याआधी तिने रामेनचं पाकीट फोडणं आणि अंडं उकडणं यापलीकडे काही केलं नव्हतं, आणि त्या अंड्यांतही मतभेदाला जागा असायची.

कोपऱ्यावरच्या दुकानदाराकडे तिने समुद्री शेवाळ मागितलं. तो बराच वेळ तिच्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, “समुद्राचं नाही. आमच्या गच्चीवरच्या टाकीत आहे, चालेल?” टाकोच्या मक्याच्या पापुद्र्यांऐवजी त्याने मक्याचे पोहे दिले. “मका तो मकाच,” असं वर तत्त्वज्ञानही दिलं.

किमचीसाठी तिने कोबी चिरला, मीठ-मिरची लावून काचेच्या बरणीत दाबून भरला आणि झाकण घट्ट लावून बरणी कपाटात ठेवली. आंबणाऱ्या वस्तूला श्वास घ्यायला जागा लागते, हे व्हिडिओच्या शेवटी सांगितलं होतं. पण तोपर्यंत व्हिडिओ कोण बघतं? शुक्रवारी ती शाळेत असताना झाकण उडालं. कपाटातल्या चादरी, बाबांचा लग्नातला कोट आणि विम्याचे कागद यांना एकदमच कोरियाचा वास लागला. तो दाराच्या फटीतून जिन्यात गेला, जिन्यातून लिफ्टमध्ये शिरला आणि सगळ्या मजल्यांना भेट देऊन आला.

सेक्रेटरीकाकांनी निदान केलं की उंदीर मेलाय, आणि उंदरांचा बंदोबस्त करणाऱ्या माणसाला बोलावलं. तो तरबेज होता. नाक वर करून एकेक मजला चढत आला तो थेट बबडीच्या दारात. तिने दार उघडताच त्याने एक दीर्घ श्वास घेतला आणि मागे उभ्या असलेल्या काकांना सांगितलं, “साहेब, हे मेलेलं नाही. हे जिवंत आहे.”

“लोणचं आहे,” बबडी म्हणाली. तिचे कान लाल झाले होते.

“जेवणाची तयारी वाटतं?” काकांनी रुमालातून विचारलं. “छान, छान.” आणि दोन पावलं मागे जाऊन ते जिना उतरले.

सर्दीने नाक चोंदलेली आई शनिवारी दुपारीच ड्युटीवर गेली होती. बबडीने दिवाणखान्यात घरातल्या सगळ्या खुर्च्या गोल मांडल्या. कमी पडल्या म्हणून पलंगाजवळचं स्टूल आणलं, बाबांची पत्र्याची ट्रंक आणून त्यावर उशी ठेवली. छोट्या स्पीकरवर गाणी लावून ठेवली, आवाज बारीक. मग स्वयंपाकघरातल्या लढाईला तोंड दिलं. कोबी-गाजर भरलेल्या कणकेच्या पुरचुंड्या उकडायला ठेवल्या होत्या. त्या आत जाताना तीसेक होत्या, बाहेर येताना एक झाली. होडीच्या आकाराचा पाव ओव्हनमध्ये फुगून पावासारखाच झाला. होडीचं नाव घ्यायला नको. रामेनचं पाणी मात्र बरं जमलं, कारण ते पाकिटातलं होतं. बरणीत उरलेली किमचीही तिने एका पातेल्यात काढली.

आणि घंटी वाजली.

माणसं आली, खरोखर आली. जिन्यात रांग लागली. समोरच्या काकू सगळ्यात पुढे होत्या, आणि त्यांच्या हातात डबा होता. त्यांच्या मागच्यांच्या हातात डबा होता. सगळ्यांच्याच हातांत डबे होते.

“इथे थोडं, आणि झाकणात ते पातळ दे,” काकू म्हणाल्या.

“बसा ना, काकू.”

“बसते कसली! घरी सगळे ताटं मांडून बसलेत.”

बबडी वाढत राहिली. एकीकडून डबे येत होते, दुसरीकडे जात होते. ‘हे काय आहे’ असं विचारणारे दोघे होते, आणि ती सांगेपर्यंत त्यांची पाठ फिरलेली असायची. पैसे कोणी विचारले तर ती ‘नको नको’ म्हणायची आणि माणूस संशयाने डबा हुंगायचा. स्पीकरवर तिचं सगळ्यात आवडतं गाणं सुरू झालं होतं. डाएटकाका जाताजाता म्हणाले, “रेडिओ बिघडलाय वाटतं, खरखरतोय.”

बघता बघता पातेली रिकामी झाली. दार माणसांनी भरून गेलं होतं, पण सगळे उंबऱ्यातच उभे होते. एकानेही चपला काढल्या नाहीत. शेवटचा डबा गेल्यावर बबडी दार लावून आत आली, तेव्हा खुर्च्या तशाच गोल होत्या. ती त्यातल्या एका खुर्चीवर बसली. थोड्या वेळाने दुसऱ्या खुर्चीवर बसली. ट्रंकेवरही बसून पाहिलं. मग उठून तिने भांडी घासायला घेतली, कारण एवढी मोठी गर्दी होऊन गेल्यावर काहीतरी उरायला हवं, आणि उरली होती ती भांडीच.

रविवारी सकाळी डाएटकाकांच्या पोटाने बंड केलं. त्यांनी दोन वाट्यांऐवजी चार वाट्या किमची खाल्ली होती, पण ती गोष्ट पोटाला माहीत होती, तक्रारीत नव्हती. तासाभरात सेक्रेटरीकाकांनी कमिटीची तातडीची सभा बोलावली. खाली हॉलमध्ये खुर्च्या मांडल्या गेल्या. या वेळी सगळे बसले, अगदी वेळेच्या आधी येऊन बसले.

ड्युटी करून आलेली आई कपडे न बदलताच खाली आली. काय झालंय याचा तिला पत्ताच नव्हता.

सेक्रेटरीकाका उभे राहिले. “राहत्या जागेत विनापरवाना खानावळ चालवल्याबद्दल आणि एका सभासदास अन्नबाधा घडवल्याबद्दल खुलासा मागवण्यात येत आहे.”

“खानावळ?” आई म्हणाली. “कोणाची?”

बबडीने बोर्डाकडे बोट केलं. आई उठली, बोर्डाजवळ गेली, वाचलं, आणि तिथूनच विचारलं, “यावर शिक्का कोणाचा आहे?”

“सोसायटीचा.”

“मारला कोणी?”

“मारणारा निमित्तमात्र असतो,” काका म्हणाले.

“मी गाणी लिहिलं होतं,” बबडी म्हणाली. तिचा आवाज हॉलमध्ये जरा जास्तच मोठा आला. “गाणी, आणि बसू, आणि गप्पा मारू. काकांनी खोडलं. मी पैसे घेतले नाहीत.”

“फुकट?” कमिटीतले एक जण पुढे वाकले. “मग तर नक्कीच काहीतरी काळंबेरं आहे.”

“गाण्यांचा उल्लेख होता याला आधार काय?” काकांनी विचारलं.

आधार काय असणार? खोडलेला कागद टोपलीत गेला होता. बबडीने सगळीकडे पाहिलं. तिला वाटलं, आता इतकी माणसं पुन्हा कधी बसलेली मिळणार नाहीत. “गाऊन दाखवू?” ती म्हणाली.

नाही म्हणायचं कोणाला सुचायच्या आत तिने सुरू केलं. आधी आवाज कापला, चष्म्यावर वाफ आली, दुसऱ्या ओळीत एक सूर घसरला आणि त्याबरोबर बहुधा अर्थही घसरला. पण तिसऱ्या ओळीपासून गाणं तिच्या ताब्यात आलं. तिने डोळे मिटले होते. अंघोळीच्या वेळचा तो आवाज हॉलभर झाला. संपलं तेव्हा कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. टाळ्या वाजवल्या तर त्या सभेच्या वृत्तांतात घ्याव्या लागतील की काय, अशी सगळ्यांना भीती असावी.

“अर्थ काय गं याचा?” समोरच्या काकूंनी विचारलं, आणि या वेळी उत्तरासाठी थांबल्या.

“एक मुलगी मोठ्या शहरात एकटी राहते. ती कामावरून येते, खिडकीपाशी बसून वाडग्यातल्या नूडल्स खाते. काचेत तिला तीच दिसते. तर ती काचेतल्या मुलीला विचारते, जेवलीस का? कारण दुसरं कोणी विचारायला नसतं.”

“म्हणजे खाण्याशी संबंध आहेच,” सेक्रेटरीकाका म्हणाले, पण बसत बसत म्हणाले. सभेने ताकीद दिली, डाएटकाकांना ताक सुचवलं, आणि लोक पांगले.

लिफ्टमध्ये दोघीच होत्या. “मला का नाही सांगितलंस?” आई म्हणाली.

“सांगितलं होतं. तू ‘बरं’ म्हणालीस.”

“कुठलं ‘बरं’?”

“ते, फोन ठेवायचं.”

लिफ्टचं दार उघडलं आणि त्या दोघी बाहेर पडायचं विसरल्या, तेव्हा ते पुन्हा बंद झालं आणि लिफ्ट वर गेली. सहाव्या मजल्यावर दार उघडलं तर समोर एक म्हातारे गृहस्थ उभे. सभेत ते अगदी मागच्या रांगेत बसले होते, आणि लिफ्टच्या आधीच्या फेरीने वर आले होते. इमारतीत त्यांना बँकवाले आजोबा म्हणत.

“तुमच्याकडेच यायला निघालो होतो, लिफ्टची वाट बघत होतो,” ते म्हणाले. मग बबडीकडे वळले. “तुला चिनी समजतं का गं? बोललेलं?”

“थोडं. वाचता येत नाही.”

“वाचायचं नाहीये. ऐकायचं आहे.” ते जरा घुटमळले. “माझं कपडे धुवायचं मशीन बोलतं.”

आईने बबडीकडे पाहिलं.

“मुलगा तिकडे चीनमध्ये नोकरीला आहे,” आजोबा घाईघाईने म्हणाले. “ही गेली, तेव्हा माझ्या कपड्यांचे हाल नकोत म्हणून त्याने तिकडून पाठवलं. धुणं संपलं की त्यातली बाई काहीतरी बोलते. आवाज सभ्य आहे. पण मला वाटतं, तिची काहीतरी तक्रार आहे. आधी मी आठवड्याचे कपडे एकदम टाकायचो. म्हटलं, ओझं होत असेल. निम्मे केले. तरी बोलते. आता मी रोज एक शर्ट टाकतो.”

“मग?”

“तरी बोलतेच.”

“मुलाला नाही विचारलंत?” आई म्हणाली.

“विचारलं की. तो म्हणाला, बाबा, तो आवाज बंद करता येतो, मी सांगतो कसा.” आजोबांनी चष्मा काढून पुसला. “मी म्हटलं, नको, असू दे.”

आई म्हणाली, “चला, बघू या.”

आजोबांचं घर लख्ख होतं. जिथली वस्तू तिथे. न्हाणीघराबाहेरच्या जागेत ते मशीन होतं आणि त्याच्यासमोर एक खुर्ची. आजोबांनी आणखी एक खुर्ची आणून शेजारी ठेवली, आत एक शर्ट टाकला आणि बटण दाबलं. आई सोफ्यावर टेकली आणि ‘मी इथेच आहे’ एवढं म्हणून झोपली. मशीन गोल गोल फिरत राहिलं. आजोबांनी चहा केला.

“शनिवारी मी आलो होतो तुमच्याकडे,” ते कप देताना हळू आवाजात म्हणाले. “पण सगळ्यांकडे डबे होते. मी डबा आणलाच नव्हता. मला वाटलं, बसायचं असेल.”

बबडीने कप खाली ठेवला. “मी खुर्च्या मांडल्या होत्या,” ती म्हणाली.

“हो? दिसल्या नाहीत. पुढे माणसं होती ना.”

मग त्यांनी विचारलं, त्या गाण्यातली मुलगी नूडल्स कुठल्या खाते, कोरड्या की रश्शातल्या? बबडीला हा प्रश्न आजवर कोणी विचारला नव्हता. तिने सांगितलं. मग रामेनचं सांगितलं, टाकोचं सांगितलं, होडीसारख्या पावाचं सांगितलं आणि तो प्रत्यक्षात कसा झाला तेही सांगितलं. आजोबा इतके हसले की दोघांनी एकमेकांना खूण करून सोफ्याकडे पाहिलं. तिने मोबाइलवर बारीक आवाजात एक गाणं लावलं. त्यांनी कान पुढे केला. गाणं त्यांना कळलं असं नाही, पण त्यांनी ते शेवटपर्यंत ऐकलं, आणि मग दुसरं लावायला सांगितलं.

मशीन थांबलं. एक बारीक घंटा वाजली आणि आतून बाईचा आवाज आला, “यीफू शी हाओ ल, छिंग छू चुलाय.”

आजोबा सवयीने म्हणाले, “हो, हो, सॉरी.” मग बबडीकडे पाहिलं.

“यीफू म्हणजे कपडे,” ती म्हणाली. “कपडे झाले, म्हणते.”

“रागावलेली नाही?”

“अजिबात नाही. ‘छिंग’ म्हणाली. म्हणजे, कृपा करून.”

“इतक्या आदबीने?” आजोबा खाली बघत राहिले. “आणि मी इतके दिवस तिची माफी मागतोय. कृपा करून, काय? पुढे काय म्हणाली?”

पुढचंही बबडीला कळलं होतं. कपडे बाहेर काढा, एवढंच होतं ते. एवढं सांगितलं की काम झालं. आईला उठवायचं आणि खाली जायचं. तिने चष्मा वर सारला.

“शेवटचं नीट कळलं नाही,” ती म्हणाली. “परत एकदा ऐकायला लागेल.”

आजोबांनी ओला शर्ट बाहेर काढला आणि घरभर नजर फिरवली. धुण्यासारखं काहीही नव्हतं. रोज धुणाऱ्याच्या घरी असणार काय? ते थोडे ओशाळले. बबडी खिडकीपाशी गेली. तिथला पडदा इतका पांढरा होता की डोळ्यांना लागत होता.

“आजोबा, हा पडदा बराच मळलाय.”

आजोबांनी जवळ येऊन पडदा बोटांत धरला, उजेडात पाहिला. “मळलाय खरा,” ते गंभीरपणे म्हणाले, आणि स्टूल आणायला गेले.

“आणि उशांचे अभ्रे?”

“ते तर विचारूच नकोस. सोफ्याची खोळही काढली असती,” आजोबा कुजबुजले, “पण तिच्यावर तुझी आई झोपली आहे.”